बो फ्लेअरमधले लाँजिट्युडिनल पिळतायत? स्वीपला शिव्या देण्याआधी हे बघा

लाँजिट्युडिनल म्हणजे जहाजाच्या लांबीच्या दिशेनं शेलला (बाहेरच्या पत्र्याला) आतून जोडलेले, त्याला ताठ ठेवणारे स्टिफनर. मिडशिपला, म्हणजे जहाजाच्या मधल्या भागात, सगळं मस्त चालतं. पॅरलल मिडल बॉडीत (जिथे हलचा, म्हणजे जहाजाच्या धडाचा, छेद बदलत नाही) बल्ब फ्लॅट (एका कडेला फुगीर गाठ असलेले पट्टीसारखे बार) टाकले की सरळ रेषेत जातात, कुणाची काही तक्रार नसते. कटकट सुरू होते ती पुढे, बोकडे, जिथे शेल आत वळायला लागतं आणि वर फ्लेअर (बाहेर झुकत जाणारा भाग) उघडायला लागतो. तिथे राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ट्रेसवरून (शेलवर स्टिफनर जिथे बसतो त्या रेषेवरून) प्रोफाइल स्वीप केलं, म्हणजे छेदाचा आकार रेषेवरून ओढत नेला, की वेब (स्टिफनरची उभी पट्टी) मध्येच पिळलेल्या टॉवेलासारखं फिरतं, नाहीतर शेलपासून काही मिलिमीटर उचललं जातं किंवा सरळ शेलमधून बाहेर डोकावतं, आणि कधी कधी तर मॉडेल दिसायला एकदम बरं दिसतं पण अनरोल करायला (उलगडून सपाट करायला) गेलं की एरियात फरक दाखवतो आणि शॉपला (जिथे स्टील कापतात-वाकवतात) दिलेली लांबी जुळतच नाही. हे दर प्रोजेक्टला होतं. आणि दर प्रोजेक्टला कुणीतरी नवीन पोरगा स्वीपचे ऑप्शन उलटसुलट करत अर्धा दिवस घालवतो.

माझं स्पष्ट मत, स्वीपचा दोष फार कमी वेळा असतो. ट्रेस खराब असतो, सरफेस खराब असतो, किंवा (आणि हेच जास्त वेळा) वेब कुठल्या दिशेला उभं राहणार हे कुणी ठरवलेलंच नसतं, ते सॉफ्टवेअरवर सोडून दिलेलं असतं. मग सॉफ्टवेअर आपल्या बुद्धीनं ठरवतं.

खालचं सगळं स्टीलच्या जहाजासाठी आहे. उदाहरणाला एचपी २००×१० (उंची २००, जाडी १०) बल्ब फ्लॅट घेतलाय, फ्रेम (जहाजाच्या आडव्या बरगड्या) स्पेसिंग ६००, मोठ्या वेब फ्रेम २४०० वर, फाईल मिलिमीटरमध्ये. शिपकन्स्ट्रक्टर, अवेवा, कॅडमॅटिक ही जहाजाची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी पण वाचायला हरकत नाही, बटणं वेगळी आहेत पण भूमिती तीच.

आधी स्वीप काय करतो ते समजून घेऊ. स्वीप१ फ्रीफॉर्मवर ठेवला तर तो फक्त रेल (ज्या रेषेवरून सेक्शन ओढायचं ती) बघतो. रेल ज्या दिशेला वळेल तसं सेक्शन वळवत नेतो, त्याला शेल नावाची गोष्ट माहीतच नसते. आपण सुरुवातीच्या फ्रेमवर वेब शेलला काटकोनात उभं करून दिलं म्हणून शेवटपर्यंत ते काटकोनात राहील हा आपला समज, त्याचा तसा काही वायदा नाही. रोडलाइक घेतला तर सेक्शन एका ठरलेल्या अक्षाशी आपलं नातं धरून राहतं, म्हणजे ज्या वेबला आडवंच राहायचंय त्याला तो चालतो, बाकीच्यांना नाही. आणि तिसरा तो अलाइन विथ सरफेस, हा नेमका आपल्याला हवा असतो पण तो नेहमी ग्रे दिसतो आणि लोक म्हणतात चालत नाही. चालतो हो, पण रेल म्हणून सुटा कर्व्ह नाही, सरफेसची कड निवडावी लागते. हल सरफेसची एक कॉपी वेगळ्या लेयरवर घ्या, ट्रेसनं ती स्प्लिट करा, आणि त्या स्प्लिटची कड रेल म्हणून द्या, ऑप्शन लगेच जागा होतो. फक्त त्यानं वेब जागोजागी शेलला धरून फिरेल, आणि तसं फिरायला हवंय का हा प्रश्न वेगळा. त्याच्याकडे येतोच.

पण आधी ट्रेस. फार जण वेब फ्रेमवर पॉइंट मार्क करतात आणि पॉलिलाईननं जोडून टाकतात, मॉडेल झूम आउट करून बघितलं तर काही कळत नाही. हिशोब करून बघा. जीवा (तुकड्याची सरळ लांबी) त्रिज्येच्या मानानं लहान असेल तर मधला फुगवटा म्हणजे जीवेचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. बोमध्ये ट्रेसची त्रिज्या २० मीटर धरली तर ६०० च्या सरळ तुकड्यात मध्ये २.२५ मिमी गॅप येतो, २४०० च्या तुकड्यात ३६ मिमी. त्रिज्या ५ मीटरवर आली की ६०० मध्येच ९ मिमी. आता आयएसीएसच्या (जहाजं तपासणाऱ्या क्लास सोसायट्यांच्या संघटनेच्या) ४७ नंबरच्या शिफारशीत फिलेट वेल्डच्या टी जॉइंटला गॅप २ मिमीपर्यंत स्टँडर्ड, ३ मिमी ही लिमिट. म्हणजे पॉलिलाईनवाला स्टिफनर शॉपमध्ये गेला की वेल्डर शिव्या घालणार आणि त्याचं चुकणार नाही.

उलटा प्रकार पण होतो. प्रोजेक्ट किंवा पुल (कर्व्ह शेलवर टाकायच्या कमांड) मारला की ट्रेस शेलवर घट्ट बसतो खरा पण त्यात कंट्रोल पॉइंट्सचा पाऊस पडलेला असतो, विशेषतः सरफेस दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आयजीईएस फाईलनं आला असेल तर. पॉइंट्स ऑन करून बघा, एका फ्रेम स्पेसिंगमध्ये वीस-पंचवीस पॉइंट दिसले की समजायचं. कर्व्हेचर ग्राफ लावा, केसाळ सुरवंट दिसेल. शेलवर नजरेला तो लहरीपणा कळत नाही, पण स्वीप प्रत्येक लहरीला वळतो आणि बल्बच्या कडेला, म्हणजे २०० मिमी लांब, ती लहर मोठी होऊन दिसते. यावर फिटकर्व्हला अर्धा मिमी टॉलरन्स देऊन कर्व्ह हलका करायचा, मग कर्व्हडेव्हिएशननं मूळ ट्रेसशी ताडून बघायचं. अर्धा मिमी इकडेतिकडे झालेलं वेल्डच्या गॅपमध्ये मावतं, लहरी मावत नाहीत. फिट केल्यावर पुन्हा पुल मारू नका, परत पाऊस पडेल. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी मारतंच.

पॉइंट कुठे मार्क केले हे पण बघा. प्रत्येक वेब फ्रेमचा गर्थ (शेलवरून मोजलेला घेर) समान भागात वाटून टाकणं सोपं वाटतं, पण पुढे गर्थ एकसारखा कमी होत नाही, कुठे बिल्जचा (तळ आणि बाजू जोडणारा) गोलवा संपतो, कुठे चाइन (शेलमधली टोकदार कड) येते, मग ट्रेस बॉडी प्लॅनमध्ये (सगळे आडवे छेद एकत्र समोरून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये) नागमोडी दिसतो. बॉडी प्लॅन व्ह्यूमध्ये जाऊन सगळे ट्रेस एकदम बघायची सवय लावा. तिथे जी रेष डोळ्याला खुपते ती नंतर बेंडरला पण खुपते.

सरफेसचं थोडक्यात. हल चार-पाच पॅचचा असेल तर डिर कमांडनं सगळ्यांचे नॉर्मल (सरफेसला लंब दिशा) एकाच बाजूला आहेत का बघा, नाहीतर फिन कमांड एका पॅचवर आत वेब काढेल आणि शेजारच्या पॅचवर बाहेर. पॅच जॉइन करून घेतले तर राइनो ते जुळवून घेतो. अर्धा हल मिरर केला असेल तर दुसऱ्या बाजूला परत तपासा. झेब्रा लावा, जिथे पट्टे तुटतात तिथे स्टिफनर पण तुटणार. फ्लॅट ऑफ बॉटम किंवा फ्लॅट ऑफ साइडच्या टँजन्सी रेषेवर कर्व्हेचरची उडी असते ती मात्र चूक नाही, सपाट भाग संपून गोल सुरू झाला की ती येणारच, ती फेअर करत बसू नका. आणि टॉलरन्स: फाईल मीटरमध्ये असेल आणि अॅब्सोल्यूट टॉलरन्स ०.०१ असेल तर तो १० मिमी झाला. स्टिफनर शेलला चिकटलाय असं राइनो म्हणेल आणि प्रत्यक्षात बोट जाईल एवढी फट असेल.

आता मुख्य मुद्दा. वेब कुठे बघणार?

सगळ्यांचं पहिलं उत्तर असतं, शेलला नॉर्मल. क्लासला तेच आवडतं, वेल्डरला दोन्ही बाजूनं हात पोचतो, सेक्शन मॉड्युलस (वाकण्याविरुद्धची ताकद) पूर्ण मिळतो. बरोबर आहे. पण डिफरन्शियल जॉमेट्रीचा एक जुना नियम आहे की कर्व्हवरच्या प्रत्येक बिंदूपाशी सरफेसचे नॉर्मल उभे करून जी पट्टी बनते ती उलगडून सपाट होते फक्त तेव्हाच जेव्हा तो कर्व्ह सरफेसची प्रिन्सिपल कर्व्हेचर लाईन (जिच्या दिशेनं सरफेस सगळ्यात जास्त किंवा सगळ्यात कमी वळतो ती रेष) असतो. बिल्जच्या सिलिंडरवर जहाजाच्या लांबीच्या दिशेनं जाणारी रेष ही अशीच लाईन असते, म्हणून मिडशिपला कधी त्रास होत नाही. बो फ्लेअरमध्ये आपला ट्रेस स्पेसिंगच्या हिशोबानं जातो, कर्व्हेचरच्या हिशोबानं नाही, म्हणून नॉर्मल धरलं की पट्टीला पीळ पडतोच पडतो. अनरोल कुरकुरतो तो याच्यामुळे, ती पट्टी उलगडण्यासारखी नसतेच. स्मॅश (जबरदस्तीनं सपाट करणारी कमांड) मारला तर काहीतरी आकार मिळतो पण तो अंदाजच. आणि शॉपमध्ये तो बार नुसता वाकवून भागत नाही, पिळावा पण लागतो. उदाहरणार्थ तीन वेब फ्रेम स्पेसिंगमध्ये, म्हणजे ७.२ मीटरमध्ये, नॉर्मल ८ अंशावरून ३१ अंशावर गेला तर मीटरमागे तीन अंशाच्या वर पीळ झाला. कोल्ड फ्रेम बेंडर हायड्रॉलिक असतो, तीन बिंदूंवर धरून वाकवतो, पिळणं हे त्याचं कामच नाही, ते मग गॅस घेऊन हातानं करायचं.

दुसरं टोक म्हणजे वेब आडवं, सगळीकडे क्षितिजाशी समांतर. मॉडेलिंग एकदम सोपं, आडव्या प्लेननं हल कापला की ट्रेस तयार, वेब सपाट, अनरोलची गरजच नाही. पण फ्लेअर उभ्या रेषेपासून ३५ अंश झुकला असेल तर बॉडी प्लॅनमध्ये वेब आणि शेलमधला कोन ५५ उरतो. आयएसीएसच्या कॉमन स्ट्रक्चरल रूल्समध्ये, जे टँकर आणि बल्क कॅरियरसाठी आहेत, हा कोन ७५ अंशाच्या खाली गेला की मॉड्युलस कोनाच्या साइननं गुणायचा असतो. साइन ५५ म्हणजे ०.८२. अठरा टक्के गेले. दुसऱ्या प्रकारच्या जहाजाला आपापल्या क्लासचा रूल उघडून बघा, आयआरएस (इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग) असो की आणखी कुणी, कोन पडला की ताकद पडते हे सगळीकडे आहेच. शिवाय अरुंद बाजूला वेल्डिंगचा टॉर्च नीट जात नाही, पेंटिंगवाल्याचा ब्रश तर नाहीच, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

एक बारीक गोष्ट, लोक यावर वाद घालतात म्हणून लिहितो. बॉडी प्लॅनमध्ये मोजलेला कोन हा खरा कोन नसतो कारण बोमध्ये शेलचा नॉर्मल पुढे पण झुकलेला असतो. वेबचं प्लेन जहाजाच्या लांबीला समांतर असेल तर खरा कोन बॉडी प्लॅनपेक्षा ९० च्या जास्त जवळ येतो. वरच्या उदाहरणात नॉर्मल २५ अंश पुढे झुकलेला धरला तर ५५ चे जवळपास ५९ होतात. म्हणजे बॉडी प्लॅनवरून चेक केलं तर आपण सेफ साइडला असतो, आणि बॉडी प्लॅनमध्ये ९० असेल तर खरा पण ९० च.

याच्यातूनच मधला रस्ता निघतो, आणि माझ्या मते नव्वद टक्के भांडणं इथेच मिटावीत. लाइन्स प्लॅनमध्ये (हलच्या आकाराच्या ड्रॉइंगमध्ये) वॉटरलाईन (आडव्या प्लेनचे छेद) असतात, बटॉक (लांबीला समांतर उभे छेद) असतात, आणि तिसरे ते डायगोनल, ज्यांच्याकडे कॉलेज सुटल्यावर कुणी बघत नाही. डायगोनल म्हणजे बॉडी प्लॅनमध्ये एक तिरकी सरळ रेष, जी सगळ्या सेक्शन्सना जमेल तेवढं काटकोनात छेदते, आणि त्या रेषेतून जहाजाच्या लांबीला समांतर जाणारं प्लेन. फेअरनेस बघायला काढतात ती. तोच आपला वेबचा प्लेन! ट्रेस या प्लेननं हल कापून काढायचा, वेब याच प्लेनमध्ये ठेवायचं. वेब पूर्ण सपाट, पीळ शून्य, एकाच दिशेनं वाकवणं, आणि रेष नीट निवडली असेल तर शेलशी कोन ९० च्या आसपास.

प्रत्यक्षात करताना असं करा. बॉडी प्लॅन व्ह्यूमध्ये वेब फ्रेमचे सेक्शन दाखवा, बाकी सगळं बंद. ज्या फ्रेमपासून पॅरलल भाग संपतो तिथे मागच्या लाँजिट्युडिनलची जागा पक्की असते, तो बिंदू पकडा. तिथून पुढच्या सेक्शन्सवर एक सरळ रेष टाकून फिरवत बघा, प्रत्येक सेक्शनशी कोन किती येतो ते बघत. एका टोकाला ९६, मध्ये ९०, दुसऱ्या टोकाला ८२, असं आलं की सोडून द्या, यापेक्षा चांगलं शोधत बसण्यात अर्थ नाही. मग ती रेष लांबीच्या दिशेनं एक्स्ट्रूड करून प्लेन, प्लेन आणि हलचा इंटरसेक्ट, झाला ट्रेस. प्लेनमधून कापलेला कर्व्ह सहसा स्वच्छ येतो, नाहीच आला तर वर सांगितलेला फिटकर्व्ह. हाताशी ग्रासहॉपर असेल (राइनो ६ पासून तो आतच येतो) तर एवढं करा की ट्रेसवर प्रत्येक फ्रेमपाशी सरफेसचा नॉर्मल आणि वेबच्या प्लेनचा नॉर्मल यांच्यातला कोन काढून ७५ च्या खालच्या जागा लाल करा. छोटी स्क्रिप्ट आहे, एकदा बनवली की पुढच्या जहाजाला पण चालते.

डायगोनलला अडचणी आहेत, नाही असं नाही. पुढे जाताना शेजारशेजारचे ट्रेस जवळ यायला लागतात, स्पेसिंग फार आवळलं की एखादा लाँजिट्युडिनल वेब फ्रेमवर किंवा बल्कहेडवर (आतल्या भिंतीवर) थांबवावा लागतो. ते स्ट्रक्चरवाल्याशी बोलून करा, मॉडेलमध्ये परस्पर कापून टाकू नका. आणि ज्या भागात सेक्शन्स एकदम पंख्यासारखे उघडतात, स्टेमच्या जवळ, तिथे कुठलीच सरळ रेष सगळ्यांना पटत नाही. तिथे एका प्लेनमधून दुसऱ्या प्लेनमध्ये जायचं, तुकडे करून, जॉइंट ब्लॉकच्या जोडावर पाडायचा म्हणजे तिथे तसाही बट (टोकाला टोक जोड) येणारच असतो. दोन तुकड्यांच्या वेबमध्ये जोडावर दोन-चार अंशाचा फरक राहील तेवढाच, आणि तो चालेल का हे शॉपला विचारा.

शॉपला विचारा हे मी नुसतं म्हणायला म्हणत नाही. पिळलेला स्टिफनर मॉडेलमध्ये तुम्ही करू शकता, शिपकन्स्ट्रक्टरमध्ये तर ट्विस्टेड स्टिफनर म्हणून वेगळा प्रकारच आहे, म्हणजे करायचीच वेळ आली तर सोय आहे. पण एकदा प्लेट शॉपच्या मिस्त्रींपुढे पिळाचं टेबल ठेवलं तेव्हा त्यांनी कागद आडवा-उभा करून बघितला आणि म्हणाले, "साहेब, एवढं फिरवण्यापेक्षा तुम्हीच जरा सरळ काढा ना, मी वाकवून देतो हवं तेवढं." वाकवणं त्यांचं रोजचं काम. पीळ म्हणजे गॅस, टेम्प्लेट, दोन जादा माणसं, आणि थंड झाल्यावर परत थोडा सुटतो तो वेगळाच.

दिशा ठरली की सॉलिड बनवणं हे कामातलं सोपं काम. प्रोफाइल एकदम स्वीप करायचं नाही. आधी वेब करायचं, ट्रेस आणि त्याच प्लेनमध्ये २०० मिमी आत ऑफसेट केलेला कर्व्ह, दोघांमध्ये सरळ लॉफ्ट. नॉर्मल धरायचंच असेल तर फिन, तो कर्व्ह सरफेसला नॉर्मल एक्स्ट्रूड करतो. मग ऑफसेट सरफेसनं १० मिमी जाडी. इथे मोल्ड साइड बघा, ट्रेस ही मोल्डेड लाईन, जाडी कुठल्या बाजूला जाणार ते ड्रॉइंगवरच्या खुणेवरून घ्या, अंदाजानं नाही. शेलचं पण तसंच, हल सरफेस म्हणजे प्लेटची आतली बाजू, प्लेटची जाडी बाहेर, म्हणून वेबची कड हल सरफेसवरच बसते. कुणीतरी हलचा बाहेरचा सरफेस दिला की सगळे स्टिफनर प्लेटच्या जाडीत घुसतात आणि मग लोक ते सगळे १२ मिमी सरकवतात, गोल भागात ते चालत नाही, नीट ऑफसेट सरफेस घ्यावा लागतो. बल्ब शेवटी, वेबच्या दोन कडा रेल म्हणून देऊन स्वीप२. दोन रेल असल्या की स्वीपला फिरायला वाव राहत नाही. बल्बचं तोंड साइड शेलला बहुतेक खाली ठेवतात म्हणजे वरच्या बाजूला पाणी आणि घाण साठत नाही. एचपी सिमेट्रिकल नसतो, तेव्हा पोर्टवरून स्टारबोर्डला मिरर करायचं, कॉपी करून फिरवायचं नाही.

लांबी. इथे सगळ्यात जास्त स्टील वाया जातं. ५ मीटर त्रिज्येवर शेलच्या कडेनं ६००० मिमी लांब स्टिफनर घेतला तर बल्बच्या कडेनं तो ५७६० मिमीच भरतो, कारण आतली त्रिज्या ४८०० आहे. मग सरळ बार किती कापायचा? दोन्ही नाही. एचपीचा न्यूट्रल अॅक्सिस (वाकवताना जी रेष ताणली किंवा दाबली जात नाही ती) शेलकडच्या कडेपासून साधारण ६० टक्के उंचीवर असतो, बल्ब वर जड असल्यामुळे, म्हणजे १२० मिमीवर, तिथे त्रिज्या ४८८०, लांबी ५८५६. कटिंग लिस्टमध्ये ट्रेसची लांबी गेली तर बार १४४ मिमी लांब आला. एकवेळ लांब आला तर कापता येतो, बल्बच्या कडेची लांबी दिली असेल तर आखूड पडतो. तेव्हा न्यूट्रल लाईनचा कर्व्ह वेगळ्या लेयरवर काढून ठेवा आणि लांबी त्यावरूनच घ्या, वर बेंडरला दोन्ही टोकांना पकडायला लागतं तेवढं जादा, किती ते मशीनवर अवलंबून.

त्याच न्यूट्रल लाईनवरून इन्व्हर्स लाईन निघते. माहीत नसलेल्यांसाठी: सरळ बारवर वेबला एक वाकडी रेष खडूनं किंवा मार्करनं काढून द्यायची, अशी की बार योग्य तेवढा वाकला की ती रेष सरळ होते. बेंडरवाला मग टेम्प्लेट लावत बसत नाही, दोन टोकांत दोरी ताणतो, रेष दोरीखाली गेली की काम झालं. सॉफ्टवेअर ही रेष आपोआप देतं, पण ती रेष म्हणजे तुमच्या ट्रेसची परीक्षा आहे. प्रिंट करण्याआधी तिच्यावर कर्व्हेचर ग्राफ लावा. लहरी असेल तर ट्रेसकडे परत जा, इन्व्हर्स लाईन फेअर करू नका. ती फेअर केली की बार सुंदर वाकेल आणि शेलवर बसणार नाही. प्लेनमधल्या स्टिफनरला ही एक रेष पुरते, पिळलेल्याला त्याच्या बरोबर जागोजागच्या अंशांचं टेबल पण द्यावं लागतं.

वेब फ्रेममधले स्लॉट (स्टिफनर आरपार जायला कापलेली भोकं) हे लोक विसरतात. लायब्ररीतला स्लॉट हा स्टिफनर फ्रेमला सरळ छेदतोय असं धरून केलेला असतो. बोमध्ये स्टिफनर फ्रेमच्या प्लेनला तिरका जातो. ३० अंश तिरका धरला तर एचपी २००×१० ची बल्बसकट रुंदी साधारण ३८ असते ती फ्रेमवर ४४ होऊन दिसते, आणि फ्रेमची प्लेट १२ मिमी असेल तर प्लेटच्या एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत प्रोफाइल जवळजवळ ७ मिमी सरकलेला असतो. दोन्ही मिळून क्लिअरन्स खाऊन टाकतात. मॉडेलमध्ये स्लॉट आणि स्टिफनरचा क्लॅश दिसत नाही कारण बरेच जण फ्रेम जाडी न देता नुसता सरफेस ठेवून तपासतात. जाडी द्या, मग बघा. कॉलर प्लेट (स्लॉटची मोकळी जागा बंद करणारा तुकडा) कुठल्या बाजूला बसणार तेही त्याच वेळी ठरतं.

हल सरफेस रिव्हाइज झाला की काय, हा पुढचा प्रश्न. राइनोत हिस्टरी ऑन ठेवली तरी चार स्टेपनंतर ती तुटते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. ट्रेस बनवायला वापरलेले प्लेन्स जपून ठेवा, नावं देऊन, लॉक करून. नवीन सरफेस आला की त्याच प्लेननं तो पुन्हा कापायचा, बाकी सगळं पाठोपाठ. टोपोलॉजिकल (भाग एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप होतं म्हणतात, होतं पण जर ट्रेसची व्याख्या जुन्या सरफेसच्या कडेला बांधलेली असेल तर रिजनरेट करताना निम्मे स्टिफनर लाल होतात. तिथेही व्याख्या प्लेननं किंवा को-ऑर्डिनेटनं द्या.

नकलवर (शेल जिथे कोनात मोडतं त्या रेषेवर) काय करायचं हे विचारलं जातं. हलला नकल असेल आणि ट्रेस तिला तिरका छेदत असेल तर स्टिफनर नकलवर तुटणारच, ते गोल करून लपवू नका, दोन तुकडे करा आणि त्याखाली सपोर्ट आहे का ते स्ट्रक्चरवाल्याला दाखवा. शक्य असेल तर ट्रेसच हलवा, म्हणजे एक लाँजिट्युडिनल नकलच्या अगदी जवळून समांतर जाईल आणि बाकीचे तिला छेदणारच नाहीत. हे लेआउटच्या वेळीच होतं, मॉडेलिंगच्या टप्प्यावर नाही, म्हणून शेल एक्स्पान्शन (शेल उलगडून दाखवणारं ड्रॉइंग) पहिल्यांदा समोर आलं की सगळ्यात आधी नकल लाईन आणि ट्रेस एका रंगात लावून बघा कुठे क्रॉस होतायत.